खुर्चीचा पाय आणि शुक्रवार

आमच्या ऑफिसात टेस्ट चालवायच्या असतील तर आधी खुर्चीचा पाय मिळवावा लागे. हे वाक्य मी जिथे जिथे उच्चारलं आहे तिथे लोकांनी मला "काय?" म्हणून पुन्हा विचारलं आहे. म्हणून मुळापासून सांगते.

उल्हासनगरला कॅम्प चार नावाच्या भागात एका फर्निचरच्या कारखान्याच्या डोक्यावर आमचं सॉफ्टवेअरचं ऑफिस आहे. खाली रंधा चालतो, वर आम्ही. लाकडाचा भुसा आमच्याआधी जिना चढून येतो आणि कीबोर्डात जाऊन बसतो. फर्निचरवाले, जीन्स धुणारे, छोटे वर्कशॉपवाले अशांसाठी आम्ही एक प्रणाली बनवतो. ऑर्डर आली, माल तयार व्हायला किती दिवस लागतील, गिऱ्हाइकाला कोणती तारीख द्यायची, तारीख जवळ आली की त्याला मोबाइलवर मेसेज. काम एवढंच. पण ज्यांचा सगळा धंदा "परसों पक्का" या दोन शब्दांवर वर्षानुवर्षं सुखाने चालला आहे, त्यांच्या तोंडून खरी तारीख काढणं म्हणजे हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही.

आम्ही प्रणालीत काही बदल केला की तो बरोबर आहे की नाही हे कॉम्प्युटरच तपासतो. आपण काम पुढे पाठवायचं, मग एक मशीन ते उचलतं, शेकडो छोट्या टेस्ट एकामागून एक चालवतं आणि शेवटी पडद्यावर हिरवं किंवा लाल दाखवतं. याला आम्ही पाइपलाइन म्हणतो. हिरवं म्हणजे चहा, लाल म्हणजे भांडण. अडचण अशी होती की सगळ्या टेस्टना मिळून डेटाबेस एकच. तो आमच्या मालकांच्या, म्हणजे शेठच्या, टेबलाखाली एका जुनाट मशीनमध्ये राहायचा. दोघांनी एकदम टेस्ट चालवल्या की माझी टेस्ट सोफ्याची ऑर्डर टाकायची, दुसऱ्याची टेस्ट येऊन तो सोफा पुसून टाकायची, आणि दोघांच्याही पडद्यावर लाल. मग एके दिवशी शेठनी खालून खुर्चीचा एक नाकारलेला पाय आणला, कातीव, सागवानी, जरासा वाकडा, आणि जाहीर केलं, "जिसके टेबल पे ये, उसका नंबर. बाकी सब चाय पियो."

तेव्हापासून ऑफिसात "पाय कोणाकडे आहे?" असं ओरडून विचारायची पद्धत पडली. नवा माणूस इंटरव्ह्यूला यायचा तो हे ऐकून दचकायचा. मला मात्र त्या पायाचा अभिमान होता. मी तिथे बरीच वर्षं आहे, पाइपलाइन माझ्या ताब्यात, आणि माझी पाइपलाइन हिरवी असते हे मी नातेवाइकांनाही सांगायची. त्यांना काही कळायचं नाही, पण "हिरवी" म्हटल्यावर ते माना डोलवायचे.

आता वहिनी. माझ्या मोठ्या भावाची बायको. आमचं घर बदलापूर गावात, जुन्या गावठाणात. आम्ही आगरी. आजोबांपर्यंत शेती, आता दादा अंबरनाथच्या कारखान्यात आणि मी उल्हासनगरला. वहिनी घाटावरची. शिकली पुण्यात, पुण्याच्याच एका कंपनीत टेस्टिंगचं काम करायची, आणि लग्न करून आमच्याकडे आली तेव्हा नोकरी सोडून आली. सोड असं तिला कोणी म्हटलं नव्हतं. धर असंही कोणी म्हटलं नव्हतं.

आल्यानंतर तिला सगळ्यात जड गेला तो शुक्रवार. आमच्या भागातले कारखाने शुक्रवारी बंद असतात. वीज जायची तीही शुक्रवारी. त्यामुळे दादाला सुट्टी शुक्रवारी, कारखान्यांच्या मागोमाग आमच्या ऑफिसला सुट्टी शुक्रवारी, आणि दोघंही घरी म्हणून मच्छी शुक्रवारी. रविवारी आम्ही डबे घेऊन कामाला जातो. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी वहिनी नवी साडी नेसून, फिरायला जायचं म्हणून तयार होऊन बसली होती आणि दादा बूट घालून फॅक्टरीत निघून गेला. आम्ही त्यावरून तिला खूप दिवस चिडवलं. ती हसायची. हळूहळू तीही मच्छी साफ करायला शिकली, आणि शुक्रवारी इतर दिवसांपेक्षा लवकर उठायला लागली, कारण सगळ्यांना सुट्टी म्हणजे सगळे घरात.

दोन वर्षं अशी गेली. मग ऑफिसात एक जागा रिकामी झाली आणि मी शेठना म्हटलं की माझ्या वहिनीने हे काम आधी केलेलं आहे. शेठ सिंधी, साठीकडे झुकलेले, माणूस लाखात एक, पण कोणाला हो म्हणायला त्यांना फार वेळ लागतो. "तीन महिने देखते हैं, बेटा," ते म्हणाले. घरी आईला सांगितलं. आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तीन मयने बगू. घरचा जमला तं ठीक. नाय तं र्‍हाऊ दे." म्हणजे वहिनी एकाच वेळी दोन ठिकाणी तीन महिन्यांच्या बोलीवर लागली. ऑफिसातले शेठ आणि घरातली आई यांच्यात अधिक कडक कोण, हे मला आजही सांगता येणार नाही.

रोज सकाळी ती माझ्या स्कूटरवर मागे बसायची. अंबरनाथला शिवमंदिराकडचा फाटा आला की एक हात सोडून नमस्कार करायची आणि मी ओरडायची, "दोन्ही हातांनी धर!" ऑफिसात पहिल्याच दिवशी मी तिला वहिनी म्हणून हाक मारली आणि संध्याकाळपर्यंत सगळं ऑफिस तिला वहिनी म्हणायला लागलं. तिच्या वडलांच्या वयाचे शेठसुद्धा. तिने ते हसत चालवून घेतलं. मला मात्र घरातल्यासारखंच तिथेही "ताई, तुम्ही" म्हणायची, आणि माझी उगाच कॉलर ताठ व्हायची.

पाय पहिल्यांदा तिच्या टेबलावर आला तेव्हा तिने तो उलटसुलट करून बघितला. मग विचारलं, "ताई, प्रत्येकाला आपापला डेटाबेस का नाही देत?"

मी म्हटलं, "एवढी मशिनं कुठून आणू?"

"मशिनं नकोत. कंटेनर."

कंटेनर म्हणजे एक बंद खोकं समजा. त्यात डेटाबेस आपल्या सगळ्या बाडबिस्तऱ्यासकट राहतो. असे कितीतरी कंटेनर एकाच मशीनवर, एकमेकांना धक्का न लावता, शेजारी शेजारी चालतात. पाइपलाइनला सांगून ठेवायचं की टेस्ट सुरू करण्याआधी एक कोरा डेटाबेस उभा कर, निरोप रांगेत लावणारं एक खोकं उभं कर, आणि खऱ्या मोबाइल कंपनीच्या जागी एक खोटी मोबाइल कंपनी उभी कर. टेस्ट संपल्या की सगळं मोडून टाक. पुढच्या वेळी पुन्हा नवं. मला हे ऐकून माहीत होतं, पण आमचं चाललं होतं ना, मग कशाला उकरा.

शेठना "मोडून टाक" या शब्दांचाच त्रास झाला. ते ज्या बाजारात वाढले तिथे कपाटाची जुनी बिजागरीसुद्धा कोणी फेकत नाही. "अरे वहिनी, चलती चीज़ को कायको तोडनेका? एक बार बनाया, सँभालके रखो ना!"

वहिनीने त्यांच्या हातातल्या चहाच्या कागदी कपाकडे बोट दाखवलं. "शेठ, हा कप धुऊन ठेवणार आहात?"

शेठनी कपाकडे बघितलं, आतला चहा संपवला, आणि कप चुरगळून टोपलीत टाकला. "ठीक है. करो," ते म्हणाले.

या सगळ्यावर नाराज एकच जण होता, आमचा अंबरनाथचा सहकारी. शिवमंदिराच्या मागच्या गल्लीत राहणारा, गडी तसा गमतीशीर, पण जुन्या टेस्टपैकी निम्म्याहून अधिक त्याने लिहिलेल्या. त्यांच्या खालची जमीन कोणी तरी खणणार हे त्याला सोसवेना. "चालतंय ना मस्त? कायको उंगली करायची?" हे तो दिवसातून एकदा तरी म्हणायचा.

आणि पहिल्या दिवशी त्याचंच खरं झालं. वहिनीने कंटेनर जोडले, काम पुढे पाठवलं, आम्ही सगळे तिच्या खुर्चीमागे उभे राहिलो, आणि पडदा वरपासून खालपर्यंत लाल झाला. एक टेस्ट हिरवी असेल तर शपथ.  सहकाऱ्याने तोंडाने तुतारी वाजवली. मला इतका राग आला की मी त्याच्या पुढ्यातली शेंगदाण्याची पुडी उचलून माझ्या ड्रॉवरमध्ये टाकली.

वहिनी मात्र लॉग वाचत बसली, म्हणजे मशीनने पावलोपावली काय केलं याची जी टिपणं मागे राहतात ती. थोड्या वेळाने म्हणाली, "ताई, आपल्याकडे नळ आला की तुम्ही लगेच हंडा लावता का?"

नाही लावत. बदलापुरात तरी कोणी लावत नाही. पाणीकपातीचा दिवस संपून नळ आला की आधी नुसती हवा येते, फुस्स, फुस्स. मग लालसर पाणी. ते जाऊ द्यायचं. मग पाणी निवळलं की हंडा. आई तर ओंजळीत घेऊन बघते आणि मगच पाणी आलं म्हणून हाक मारते, "आयला गो पानी!"

डेटाबेसचं तेच झालं होतं. खोकं उभं राहिलं होतं, पण आतला डेटाबेस अजून डोळे चोळत होता, आणि पाइपलाइनने त्याच्यावर शेकडो टेस्ट सोडल्या होत्या. वहिनीने मध्ये एक पायरी घातली. दर थोड्या वेळाने डेटाबेसला एक साधा प्रश्न विचारायचा. नीट उत्तर आलं तरच पुढे जायचं, नाही तर थांबायचं. पुन्हा चालवलं. पडद्याचा बहुतेक भाग हिरवा झाला. मी शेंगदाणे परत केले.

बहुतेक भाग. सगळा नाही. तारखांच्या टेस्टमधल्या काही टेस्ट लालच राहिल्या, आणि त्या कशानेच हलेनात.

त्यातली एक अजून पाठ आहे. बुधवारी ऑर्डर आली, माल बनवायला दोन दिवस, तर कोणती तारीख द्यायची? पडद्यावर यायचं: अपेक्षित शनिवार, मिळाला शुक्रवार. एक दिवस कमी. आणि तशाच दुसऱ्या टेस्ट, शनिवारच्या ऑर्डरची, सोमवारच्या ऑर्डरची, बिनतक्रार हिरव्या.

एक दिवसाचा फरक म्हटल्यावर आम्हा सगळ्यांना एकच गोष्ट सुचली, घड्याळ. कंटेनरमधलं घड्याळ आपल्या वेळेवर नसतं, ते साडेपाच तास मागे चालतं. सहकारी छाती ठोकून म्हणाला, "टाइमझोन! वहिनींचे कंटेनर लंडनमध्ये राहतात!" आम्ही घड्याळं लावली. लाल. मशीनचं घड्याळ बदललं, डेटाबेसचं बदललं, प्रणालीचं बदललं. लाल. मी एकदा रागाने भिंतीवरचं घड्याळसुद्धा काढून बघितलं की त्याची बॅटरी तरी ठीक आहे का.

जुन्या मशीनवर त्याच टेस्ट चालवल्या की हिरव्या व्हायच्या. मग प्रश्नच मिटला. दोष कंटेनरचा, म्हणजे वहिनीचा. तसं कोणी तोंडावर म्हटलं नाही. पण पाय पुन्हा टेबलाटेबलावरून फिरायला लागला, आणि वहिनीच्या टेबलावर तो कोणी ठेवीना.

त्यातच शेठना पुण्याहून एक मोठं गिऱ्हाईक मिळालं. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर यांच्या बाहेरचं आमचं पहिलं गिऱ्हाईक. शनिवारी ते लोक प्रणाली बघायला येणार होते. शेठनी वहिनीला बोलावलं. ओरडले नाहीत, ते कधीच ओरडत नाहीत. म्हणाले, "गुरुवार शाम तक सब हरा होना मांगता. नहीं तो पुरानी मशीन चालू, कंटेनर बंद. और बाकी... फिर देखेंगे."

शेठचं "फिर देखेंगे" म्हणजे काय हे मला माहीत होतं. ज्याला ज्याला ते हे म्हणाले त्याच्यासाठी नंतर निरोपाचे समोसे आले होते.

 बुधवारी घरी जाताना शिवमंदिराचा फाटा गेला तरी वहिनीने हात जोडले नाहीत. मी स्कूटर बाजूला घेतली. म्हटलं, "वहिनी, अगं एक नोकरी आहे. दुसरी बघू."

"नोकरीचं नाही, ताई," ती म्हणाली. "दोन वर्षं मला सगळे एकच विचारतात, जेवायला काय आहे. त्याचं उत्तर घरात कोणालाही देता येईल. इथे मला कोणीतरी असं काही विचारलं, ज्याचं उत्तर मलाच येत होतं. आणि नेमकं तेच आता येत नाहीये."

 मला वाईट वाटलं आणि स्वतःचा रागही आला, कारण "जेवायला काय आहे" हे विचारणाऱ्यांत मीही होते, आणि त्या दिवशीही घरी पोचल्यावर विचारणार होते.

गुरुवार उजाडला. दुपारपर्यंत लालच. सहकाऱ्याने, आपणहून, त्याच्या टेस्ट पुन्हा वाचून काढल्या. मनाने तो वाईट नव्हताच. "टेस्ट बरोबर आहेत यार," तो खरंच हताश होऊन म्हणाला. आम्ही डबे उघडले. वहिनीने उघडला नाही. ती पडद्याकडे बघत बसली होती आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला. दादाचा. तो दर गुरुवारी दुपारी कारखान्यातून फोन करतो, कारण शुक्रवारी पहाटे मच्छी बाजारात तोच जातो. त्याचा आवाज फोनबाहेरही ऐकू येतो, मशीनपाशी उभा राहून बोलायची सवय.

"उद्या सुट्टी! मांदेली आनू का बोंबील?"

"बोंबील," वहिनी म्हणाली आणि फोन ठेवला.  मग खुर्ची गरकन माझ्याकडे फिरवून तिने विचारलं, "ताई, शुक्रवारी सुट्टी असते हे कुठे लिहिलंय?"

"म्हणजे?"

"म्हणजे आपल्या प्रणालीत. बुधवारची ऑर्डर, दोन दिवस. गुरुवार एक. शुक्रवार दोन. मग उत्तर शुक्रवारच यायला पाहिजे. तुम्ही सगळ्यांनी शनिवार कसा काय लिहिला?"

"अगं, शुक्रवारी बंद ना," मी म्हटलं. "त्यात लिहायचं काय?"

हे वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडलं आणि माझं मलाच ऐकू आलं. सहकाऱ्याने घास खाली ठेवला.

आम्ही शोधलं. पूर्ण प्रणालीत, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, शुक्रवार हा शब्द नव्हता. साप्ताहिक सुट्टी वगळून दिवस मोजा, एवढं होतं. सुट्टी कोणत्या वारी, ते डेटाबेसला विचारा, असं होतं. आणि कोऱ्या डेटाबेसला विचारलं तर तो म्हणायचा, मला काही सांगितलेलं नाही. त्याला खरंच कोणी सांगितलं नव्हतं. सांगायला एक पडदासुद्धा आम्ही कधी बनवला नव्हता. मग शेठच्या टेबलाखालच्या मशीनमध्ये बघितलं. तिथे एका कोपऱ्यातल्या तक्त्यात एकच ओळ होती, आणि तिच्यात शुक्रवार बसलेला होता. त्या मशीनची नक्कल करूनच आम्ही आजवर प्रत्येक गिऱ्हाइकाला नवा डेटाबेस देत आलो होतो. सगळी गिऱ्हाइकं इथलीच. सगळ्यांची सुट्टी शुक्रवारी. कोणाला काय कळणार?

शेठ आमचा आवाज ऐकून बाहेर आले. मी ओळ दाखवली. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. "ये तो मैंने डाला था," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी. अपने हाथ से." मग जरा वेळाने, "और किसको बताना था? सबको मालूम है."

"पुण्याला गुरुवारी वीज जाते, शेठ," वहिनी म्हणाली. "तिथले कारखाने गुरुवारी बंद. जुनी नक्कल त्यांना दिली असती तर आपण त्यांच्या गिऱ्हाइकांना गुरुवारची तारीख दिली असती. आणि शुक्रवारी ते कामावर असताना आपण त्यांना सुट्टी दिली असती."

शेठ हसायला लागले. आधी खांदे हलले, मग पोट, मग डोळ्यांतून पाणी. सहकारी हसला, मी हसले, खालचे कारागीर रंधा थांबवून काय झालं ते बघायला वर आले आणि त्यांना शुक्रवारची गोष्ट सांगितली, तर ते म्हणाले, मग शुक्रवारी बंदच असतं की, त्यात हसायचं काय. त्यावर आम्ही आणखी हसलो.

दुरुस्ती छोटी होती. वहिनीने आणि सहकाऱ्याने शेजारी बसून केली. आता प्रत्येक टेस्ट सुरुवातीला स्वतः सांगते की या गिऱ्हाइकाची सुट्टी कोणत्या वारी. आणि नवं गिऱ्हाईक जोडताना प्रणाली आधी विचारते, तुमची सुट्टी कधी? उत्तर दिल्याशिवाय पुढे सरकतच नाही. पुण्यासाठी गुरुवारची एक टेस्टही लिहिली. वहिनीने काम पुढे पाठवलं. खोकी उभी राहिली, डेटाबेस निवळला, आणि संध्याकाळचा दिवा लावायच्या सुमारास पडदा वरपासून खालपर्यंत हिरवा झाला. सहकाऱ्याने पुन्हा तोंडाने तुतारी वाजवली. या वेळी मी त्याला माझ्या डब्यातला उरलेला लाडू दिला.

शेठ आतून खुर्चीचा पाय घेऊन आले आणि वहिनीच्या टेबलावर आडवा ठेवला. "अब इसका काम नहीं. सबका अपना अपना डब्बा हो गया. ये तुम घर ले जाओ." जाता जाता वळले आणि म्हणाले, "शनिवारी पुण्यावाले येतील. तुम बताना उनको. अपने को तो सब मालूम है ना, अपने से बताया नहीं जाएगा."

तीन महिन्यांबद्दल ते पुढे काहीच बोलले नाहीत. बोलायची गरजही नव्हती. शिवमंदिराच्या फाट्यावर वहिनीने दोन्ही हात सोडून नमस्कार केला. एका काखेत खुर्चीचा पाय. मी ओरडले नाही.

रात्रीच्या जेवणाला मी ही गोष्ट घरी रंगवून सांगितली. दादाला त्याच्या बोंबलांनी सगळं सुटलं याचाच आनंद. तो ते तीन तीनदा सांगायला लागला. आईने पाय हातात घेऊन बघितला. "ह्यो कशाला आनला?"

मी सांगितलं. ज्याच्या टेबलावर हा, त्याची पाळी. बाकीच्यांनी हात लावायचा नाही. गप चहा प्यायचा.

"आनि ती सुट्टीची गोष्ट," आई म्हणाली. "कोनी इचारलाच नवता?"

"कोणीच नाही. सगळ्यांना माहीत होतं ना."

 वहिनी ताटं उचलायला लागली होती. आई तिच्याकडे बघत राहिली, बराच वेळ.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. मी नेहमीप्रमाणे उशिरापर्यंत लोळणार होते, पण स्वयंपाकघरातल्या आवाजाने जाग आली. दारात वहिनी उभी होती, केस बांधत, डोळ्यांत अजून झोप. ओट्यावर, चहाच्या पातेल्याशेजारी, खुर्चीचा पाय उभा केलेला. आणि त्याच्यामागे आई.

"आज पाय माझ्याकडं हाय," आई म्हणाली. "तू कसल्याला हात लावायचा नाय. जा, झोप."

"अहो आई, पण बोंबील साफ—"

"ऱ्हाऊ दे. उंद्या ते पुन्यावाले येनार ना? तुलाच बोलायचा हाय त्यांच्याशी." आईने गॅस बारीक केला. मग तिच्याकडे न बघता विचारलं, "तुला कवा पायजे गो सुट्टी? मना सांग. मी कवा इचारलाच नाय."

वहिनीने माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसतही होती. माझंही तेच झालं होतं. "शुक्रवारच चालेल, आई," ती म्हणाली आणि आत गेली. खोलीचं दार लागलं आणि आतून कडी घातल्याचा आवाज आला.

तेवढ्यात दादा बाजारातून आला. पिशवी मोरीत ठेवली, इकडे तिकडे बघितलं आणि विचारलं, "ही कुठं हाय? बोंबील कोन साफ करनार?"

आईने ओट्यावरचा पाय उचलला आणि त्याच्या पुढ्यात ठेवला.